सरकार हसवा!

आमच्या सौभाग्यवतीच्या मते जगात कागदाचे तीनच प्रकार असतात. नोटा, पावत्या आणि रद्दी. पैकी नोटा मी दिवसभर दुसऱ्यांच्या मोजतो, पावत्या हरवतो आणि रद्दी लिहितो. हे वर्गीकरण इतके शास्त्रशुद्ध आहे की बी. कॉम.ला आम्हाला ते का शिकवले नाही याचे मला अजून आश्चर्य वाटते.

गेल्या दिवाळीत साफसफाईच्या ऐन धामधुमीत माझ्या भाच्याचा फोन आला. हा भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाच्या गावी विद्यापीठात शिकतो. (घरचे म्हणतात शिकतो. तो म्हणतो संशोधन करतो. खरे काय ते त्याच्या बापाच्या पासबुकाला ठाऊक.)

"मामा, इथं लायब्ररीत तुझ्यासारखाच एक कारकून सापडलाय."

"बँकेत होता का?"

"नाही, डेट्रॉईट शहराच्या पाणी खात्यात. दिवसा कारकुनी आणि घरी स्वतःचा छोटा छापखाना. स्वतः लिहायचा, स्वतः खिळे जुळवायचा, स्वतः छापायचा आणि लोकांना वाटायचा."

"विनोदी लिहायचा?"

"छे! अराजकवादी होता."

मी फोन कानापासून वीतभर लांब धरला. बँकेतल्या माणसाने आयुष्यात मुदत ठेवीपलीकडे कशावर विश्वास ठेवू नये, असे आमचे संस्कार.

अराजकवादी म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर काळा कोट, विस्कटलेली दाढी आणि बगलेत वात पेटलेला गोळा असे चित्र उभे राहते. शिवाय 'अराजक' हा शब्द आपण फार उदारपणे वापरतो. पहिल्या तारखेला आमच्या शाखेतले संगणक बंद पडले की साहेब म्हणतात, "अराजक माजलंय!" पण भाच्याने मग जे जे वाचायला धाडले त्यावरून कळले, की या पंथाचे म्हणणे अगदी उलट आहे. अराजक म्हणजे राजा नाही, दंडुका नाही; गोंधळ नव्हे. माणसे आपापसात ठरवून नीट वागतात, वरून हुकूम आला की बिघडतात, असा त्यांचा सिद्धांत. वाचकहो, हसू नका. रेशनच्या दुकानापुढे लोक आपापल्या चपला आणि पिशव्या रांगेत ठेवून स्वतः सावलीला बसतात. ती रांग कोणत्या सरकारने लावली?

तर या कारकुनाचे नाव जोसेफ लबाडी. सगळे त्याला 'जो' म्हणत. आडनाव मराठी कानाला जरा संशयास्पद वाटते खरे, पण माणूस मोठा सज्जन. इतका, की डेट्रॉईटमध्ये त्याला 'सौम्य अराजकवादी' म्हणूनच ओळखत. जन्म १८५० सालचा, मिशिगनमधल्या पॉ पॉ नावाच्या खेड्यातला. बाप पाद्री मंडळी आणि तिथले मूळ रहिवासी यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करी. पोराची शाळा झाली अवघी काही महिने. मग तो छापखान्यात शिरला आणि काही वर्षे गावोगाव भटकत खिळे जुळवत राहिला. १८७२ साली डेट्रॉईटला स्थिरावला. खिळे जुळवणाऱ्या माणसाचे एक बरे असते. इतरांना वाचायला पुस्तक विकत घ्यावे लागते. याला वाचण्याचा पगार मिळतो.

वाचून वाचून जो आधी समाजवादी झाला. १८७८ साली डेट्रॉईटमध्ये 'नाइट्स ऑफ लेबर' या कामगार संघटनेची पहिली शाखा त्याने काढली. महापौरपदाची निवडणूक लढवली आणि रीतसर पडला. १८८३च्या सुमारास तो अराजकवादाकडे वळला. (निवडणूक हरल्यावर सरकारवरचा विश्वास उडणे हे आपल्याकडेही घडते. फक्त आपल्याकडे तो पुढच्या निवडणुकीपर्यंत परत येतो.) तरी कामगारांना तो विसरला नाही. १८८८ साली मिशिगनच्या कामगार संघटनांचा महासंघ उभा केला आणि त्याचा पहिला अध्यक्ष झाला. म्हणजे सत्ता नको म्हणणाऱ्याला लोकांनी अध्यक्ष केले. सत्ता हवी म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

त्याचा गुरू बेंजामिन टकर. हा १८८१पासून 'लिबर्टी' नावाचे पत्र काढी. स्वातंत्र्य हे सुव्यवस्थेचे लेकरू नसून तिची आई आहे, या आशयाचे ब्रीद त्याच्या माथ्यावर असे. त्यात जो एक सदर लिही, 'क्रँकी नोशन्स', म्हणजे आपल्या भाषेत चक्रम कल्पना. माझ्या सदराला हे नाव आमच्या घरातून केव्हाच मंजूर झाले असते.

टकरसाहेबांची एक कल्पना मात्र वाचून माझी झोप उडाली. त्यांचे म्हणणे, नोटा काढण्याचा मक्ता मोडा, कुणालाही बँक काढू द्या. मग चढाओढीने व्याज उतरत उतरत फक्त बँक चालवण्याच्या खर्चाएवढे, म्हणजे शेकडा एकाच्याही खाली येईल. हे मी जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना सांगितले. कर्ज विभागातल्या जोशीबुवांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "हळू बोला. बाहेर कर्जदार बसलेत."

पण नियती हिशेब चुकवीत नाही. जानेवारी १९०८ मध्ये न्यू यॉर्कमधल्या टकरच्या मालाला आग लागली. पुस्तके, छपाईचे साहित्य, सगळे भस्म. आणि विमा? नव्हता! आयुष्यभर पैशाच्या व्यवहारावर लिहिणाऱ्या माणसाने विमा उतरवू नये? टकर पुढे फ्रान्सला निघून गेला आणि सत्तावीस वर्षांचे 'लिबर्टी' बंद पडले. क्रांतीला पोलिसांपेक्षा हप्ता चुकल्याचा धोका अधिक, हे मी अनुभवाने सांगतो.

अनुभवाने म्हणण्याचे कारण, एके काळी मीही क्रांतिकारक होतो.

ही गोष्ट १९९९ची. मी तालुक्याच्या गावी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मराठीत बंडखोर अनियतकालिकांचा एक काळ होऊन गेला आहे. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे वगैरे मंडळींनी १९५०च्या दशकात 'शब्द' हे सायक्लोस्टाइलवर काढले. पुढे साठच्या दशकात 'असो', 'येरू', 'फक्त', 'वाचा' अशी एकेक नावे निघाली. आम्हाला त्याचा पत्ता तीस-चाळीस वर्षे उशिरा लागला, पण तालुक्याच्या गावी क्रांती तशी सावकाशच पोचते. आम्ही चौघांनी वर्गणी काढली, प्रत्येकी पन्नास रुपये. नाव काय ठेवायचे यावर तीन रात्री भांडलो आणि शेवटी नाव ठेवणे हीच सत्तेची पहिली पायरी आहे असे ठरवून बिननावाचे पत्र काढायचे पक्के केले.

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुके आणि उत्तरकार्याची कार्डे हे त्याचे साहित्य. पायाने मारायचे एक ट्रेडल मशीन आणि ते चालवणारे अण्णा. मालक तेच, जुळारी तेच, मशीनमन तेच. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, बोटांना शाई. आषाढी वारी कधी चुकवली नाही. त्यांनी आमचा मजकूर चष्म्याच्या खालून वाचला आणि म्हणाले,

"पोरांनो, यातलं एक अक्षरही मला पटत नाही. दोनशे प्रतींचे दीडशे पडतील."

मग म्हणाले, "नाव नाही ठेवलंत तरी माझी हरकत नाही. पण खाली मुद्रकाचं नाव-पत्ता टाकावाच लागतो. अठराशे सदुसष्टचा कायदा आहे."

असे आमचे ते सरकार उलथणारे पत्र. त्यावर संपादकाचे नाव नाही, पत्राचे नाव नाही. फक्त तळाशी बारीक टायपात अण्णांचे नाव आणि गल्लीचा पत्ता. इंग्रजांच्या कायद्याचे पालन करून निघालेले ते जगातले एकमेव बंड असावे.

अंक हातात आला आणि आम्ही थिजलो. पहिल्या पानावर माझा अग्रलेख. त्याचे मथळ्यातले गर्जणारे आवाहन होते, 'सरकार हटवा!' छापून आले होते, 'सरकार हसवा!'

"अण्णा, हे काय?"

"असं झालं का?" अण्णा शांतपणे म्हणाले. "वापरलेले खिळे परत घरात टाकताना एखादा चुकतो. 'ट'च्या घरात 'स' पडला असेल. आता दोनशे निघाले. राहू दे."

राहू दिले. दुसऱ्या छपाईला पैसे कुठे होते?

आता जो लबाडीकडे वळतो, कारण त्याच्यावर आमच्याहून मोठा प्रसंग यायचा आहे. वयाच्या पन्नाशीला आल्यावर या गृहस्थाला कविता होऊ लागल्या. या वयात इतरांना गुडघेदुखी होते. पण त्याच्याकडे इलाज घरचाच होता. हातछपाईच्या लहानशा यंत्रावर तो आपल्याच चिमुकल्या पुस्तिका छापू लागला. कविता, निबंध, अराजकवाद म्हणजे काय आणि काय नव्हे याचे खुलासे, आणि बायकोवरच्या प्रेमकविता. एका संग्रहाचे नाव 'डॉगरेल फॉर द अंडर डॉग'. दीनदुबळ्यांसाठी केलेली वेडीवाकडी कवने, असा त्याचा सरळ अर्थ. वेष्टनाला भिंतीला चिकटवायच्या नक्षीदार कागदाचे तुकडे, चामड्याचे तुकडे, मिळेल ते. विकल्या थोड्या, वाटल्या फार.

आणि बायको? सोफी. १८७७ साली लग्न झाले. ती निष्ठावंत कॅथलिक, चर्च न चुकवणारी. हा ना देव मानणारा, ना सरकार. तरी पन्नासावर वर्षे संसार झाला. दोन माणसे एकमेकांवर सत्ता न गाजवता राहू शकतात, हा सिद्धांत त्याने कागदावर जेवढा मांडला त्याहून घरात अधिक सिद्ध केला, असे मला वाटते. हे मी सौभाग्यवतीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "तिला विचारलंय का कुणी?" इतिहासलेखनातली ही मोठीच उणीव आहे, हे मान्य केले पाहिजे.

आता तो प्रसंग. १९०१ साली अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांचा एका अराजकवादी म्हणवणाऱ्या तरुणाने गोळ्या घालून खून केला. तेव्हापासून या शब्दाचीच तिथे दहशत बसली. आपल्या पुस्तिकेत कवने छापणारा म्हातारा आणि पिस्तूलवाला तरुण, दोघांना एकच पाटी. १९०८ साली या भीतीने पुन्हा डोके वर काढले. पॅटरसन गावच्या एका इटालियन अराजकवादी पत्राला सरकारने टपालच बंद केले. आणि त्याच वर्षी डेट्रॉईटच्या पोस्टातल्या इन्स्पेक्टराची नजर जो लबाडीच्या पाकिटांवर पडली. पाकिटांवर तो छोट्या छोट्या चिठ्ठ्या चिकटवी. त्यावर अराजकवादी वचने छापलेली. इन्स्पेक्टर म्हणाला, असली टपाले स्वीकारणार नाही. महिनाभरात पाणी खात्याच्या मंडळानेही हात धुऊन घेतले. अराजकवादी मते बाळगतो म्हणून कारकुनाला कामावरून काढून टाकले.

विचार करा. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. खटले लढवायला पैसा नाही, पाठीशी पक्ष नाही, कारण पक्ष काढणे त्याच्या तत्त्वात बसत नाही. वाचवणार कोण?

वाचवले गावाने. डेट्रॉईटमध्ये एकच गिल्ला झाला. जो लबाडीला काढता? त्या जोला? या निषेध करणाऱ्यांना अराजकवादाशी काहीही देणेघेणे नव्हते. त्याची मते त्यांना मुळीच पटत नव्हती. पण तो माणूस त्यांना ठाऊक होता. शेवटी पोस्टालाही माघार घ्यावी लागली आणि पाणी खात्यालाही. जो पुन्हा आपल्या टेबलावर जाऊन बसला.

हे वाचताना माझ्या हातातला चहा निवला, कारण मला प्राचार्यांची खोली आठवली.

आमच्या अंकात तिसऱ्या पानावर जिमखाना फीबद्दल एक लेख होता. फी दरसाल घेतली जाते आणि जिमखान्यात एक कॅरम बोर्ड आहे, त्याला स्ट्रायकर नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. प्राचार्यांनी आम्हा चौघांना बोलावले. अंक समोर. "यातलं सरकार म्हणजे कोण? मी का?" परीक्षा तीन आठवड्यांवर. हॉल तिकीट मिळणार नाही, असे त्यांनी थंडपणे सांगितले. क्रांतिकारकांपैकी एकाला रडू फुटले. कोण ते सांगत नाही, पण त्याने पुढे बँकेत नोकरी धरली.

दुसऱ्या दिवशी अण्णा कॉलेजात आले. धुतलेले धोतर, टोपी, बुक्का. प्राचार्यांपुढे उभे राहून म्हणाले, "साहेब, यातलं एक अक्षर मला पटत नाही. पण अक्षरं मी जुळवलीत आणि खाली नाव माझं आहे. काय करायचं ते माझं करा. पोरांना परीक्षेला बसू द्या. आणि पहिल्या पानावर काय लिहिलंय तेवढं एकदा बघा. सरकारला हसवा म्हणतायत. दुसरं काही म्हणत नाहीत."

प्राचार्यांनी पहिले पान पाहिले. बराच वेळ पाहिले. मग मिशीत काहीतरी हलले. हॉल तिकिटे मिळाली. पुढच्या वर्षी स्ट्रायकरही आला. सरकार हटले नाही, पण थोडे हसले. आणि मी त्याच दिवशी माझा धंदा ओळखला.

जोची गोष्ट अजून थोडी उरली आहे. या माणसाने आयुष्यभर कागद टाकले नव्हते. पत्रे, पत्रके, जाहिराती, बंद पडलेली वृत्तपत्रे, सभांच्या चिठ्ठ्या. ज्याला कुणीही रद्दी म्हणेल ते सगळे. १९११ साली तो ढीग त्याने ॲन आर्बरच्या विद्यापीठाला दिला. विद्यापीठाने ठेवून घेतला आणि कुलूप लावले. बरीच वर्षे ती खोकी तशीच पडून होती. मग १९२४ साली ॲग्नेस इंग्लिस नावाची बाई तिथे आली. खात्यापित्या घरची, पण मनाने या बंडखोरांत रमलेली. सुरुवातीला बिनपगारी काम करू लागली. एकेक कागद उलगडला, नोंदवला, लावला. देशभरच्या म्हाताऱ्या बंडखोरांना पत्रे घालून त्यांच्याकडचेही मागवून घेतले. १९५२ साली ती वारली तोवर तिचे हे काम चालू होते. जो १९३३ सालीच गेला होता. त्याचा मुलगा लॉरन्स बापाच्या यंत्रावर स्वतःची पत्रके छापीत राहिला. आज 'लबाडी संग्रह' हा त्या विषयातला जगातला एक नावाजलेला संग्रह आहे आणि माझा भाचा तिथे बसून बापाचे पैसे सत्कारणी लावतो आहे.

"मामा, तुमचा तो अंक आहे का रे? इथं विचारून बघतो. असलंच सगळं ठेवतात हे लोक."

मी उत्साहाने माळ्यावर चढलो. दोन तास शोधले. खाली आल्यावर सौभाग्यवतीने विचारले, "ते जाडे पिवळट कागद का? फडताळात डब्यांखाली अंथरलेत. चांगले टिकतात." डबा उचलला. माझ्या अग्रलेखावर तेलाच्या बरणीचे वर्तुळ होते आणि मधोमध 'सरकार' एवढेच वाचता येत होते. जो लबाडीने भिंतीच्या कागदाची पुस्तके केली; आमच्याकडे पुस्तकाचा फडताळाचा कागद झाला. दोघांनी कागद वाया घालवला नाही, एवढे साम्य.

डिसेंबरात एक दिवस माझ्या खिडकीशी एक थरथरता हात आला. बोटांवर शाई नव्हती, पण मी ओळखले. आता ऐंशी उलटलेली. छापखान्याच्या जागी नातवाचे फ्लेक्सचे दुकान आहे. मी अण्णांना भाच्याचा फोन, जो लबाडी, बरणीचे वर्तुळ, सगळे एका दमात सांगितले.

"अंक आहे माझ्याकडं," अण्णा म्हणाले. "छापलं त्याची एकेक प्रत फायलीला ठेवायची रीत होती. नातवाला सांगितलंय, मी असेतो ते गाठोडं हलवायचं नाही. पाठव तिकडं. पण मराठी वाचणार कोण?"

"वाचतील कुणीतरी. पण अण्णा, मथळा चुकलेला जाणार बघा. 'ट'च्या घरात 'स' पडला होता ना?"

अण्णांनी चष्म्याच्या खालून माझ्याकडे पाहिले. पंचवीस वर्षांपूर्वी मजकूर वाचताना पाहिले होते तसेच.

"चाळीस वर्षं खिळे जुळवले मी. माझ्या 'ट'च्या घरात 'स' कसा पडेल, बाळ? म्हटलं, पोरं आहेत. हटवायला निघालीत, मार खातील. हसवायला कुणी हरकत घेत नाही."

मला काय बोलावे सुचेना. मी नुसताच बघत राहिलो. अण्णांनी पासबुक पुढे सरकवले.

"एवढी एंट्री मारून दे. आणि लवकर, मागं रांग आहे."